जन्मगाव गोरेगाव, जिल्हा परभणी

महाराष्ट्रात गोरेगावं बरीच आहेत. मुंबईचं उपनगर सगळ्यांना ठाऊक. रायगडात माणगाव तालुक्यात एक आहे. गोंदिया जिल्ह्यात तर अख्खा तालुकाच त्या नावाचा. आणि हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात एक आहे, ज्याचं नाव पुण्यामुंबईत सांगितलं की समोरचा विचारतो, ‘ईस्ट की वेस्ट?’ सोयाबीन, तूर, हळद आणि पावसाच्या भरवशावरची शेती असं हे गाव. २०२३च्या नोव्हेंबरात ते राज्यभर गाजलं, तेही असं की गाजलं नसतं तर बरं. इथल्या काही शेतकऱ्यांनी, कर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या, असं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं आणि मुंबई गाठली.

अशा गावाच्या नावावर परदेशातल्या कायम वास्तव्याचा लेख लिहायचा म्हटल्यावर कुणी हसेल. हसू नये. मराठवाड्यातल्या ज्या घरांत एक पोरगा अभियांत्रिकीला गेला, पुण्याला हिंजवडीत लागला आणि कंपनीने ‘ऑनसाइट’ पाठवला, त्या घरांत ‘पीआर’ (कायम वास्तव्य), ‘ग्रीन कार्ड’, ‘प्रायॉरिटी डेट’ हे शब्द हळदीच्या भावाइतकेच सहज बोलले जातात. फोनवर आई विचारते, ‘तुझी तारीख सरकली का रे?’ कोणती तारीख, ती कोण सरकवतं, हे तिला ठाऊक नसतं. सरकत नाही एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं.

त्या तारखेचा उगम शोधत मागे गेलं की आपण अमेरिकेत पोहोचत नाही, गोरेगावातच परत येतो. कायम वास्तव्याचे जगात जितके रस्ते आहेत, त्यांतले बहुतेक शेवटी एकाच कागदापाशी येऊन थांबतात. तुम्ही काय शिकलात, किती कर भरलात, किती वर्षं राबलात, हे सगळं बघितलं जातं. पण रांगेतली जागा ठरते ती तुम्ही कुठे जन्मलात, कधी जन्मलात, कुणाच्या पोटी जन्मलात यावर. आणि जन्माचा कागद हीच मराठवाड्याची सगळ्यांत कच्ची बाजू.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात होता. म्हणजे आज तीस ते पन्नास या वयात असलेला, परदेशात रांगेत उभा असलेला जवळजवळ प्रत्येक गोरेगावकर कागदोपत्री परभणी जिल्ह्यात जन्मला. शाळेच्या दाखल्यावर परभणी, नंतर काढलेल्या कागदांवर हिंगोली. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकी स्थलांतर खात्याच्या नेब्रास्कातल्या किंवा टेक्सासमधल्या सेवाकेंद्रात बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र हा माणूस दोन जिल्ह्यांत जन्मलेला दिसतो. त्यातून वडिलांचा जन्म निजामाच्या अमलातला असेल, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचा, तर गावचं दप्तर उर्दूत. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना २०२३पासून हीच जुनी दप्तरं पुन्हा उघडली गेली आणि उर्दू वाचणाऱ्या जाणत्यांना तहसीलमध्ये एकाएकी भाव आला, हे मराठवाड्याने पाहिलंच आहे.

मग जन्मतारीख. आमच्याकडच्या शाळांतली जनरल रजिस्टरं उघडून पाहा. ओळीने पोरं, ओळीने नावं, आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, ३ जून, पुन्हा १ जून. अख्खा वर्ग एकाच आठवड्यात जन्मलेला. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते. पोरगं सहा वर्षांचं भरलं पाहिजे. आई सांगते ‘पोळ्याच्या आसपासचा आहे’. मास्तर बोटांवर हिशेब करतात आणि १ जून टाकतात. त्या काळी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंद वहीत नाव घालायला कुणी गेलंच असेल याची खात्री नाही. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातचं. कायदा होता, जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९चा, आणि बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७०पासून लागू आहे. पण नोंद करून फायदा काय, असं कुणी विचारलं असतं तर तेव्हा सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

आता अमेरिकेकडे येऊ, कारण मराठी माणसांची सगळ्यांत लांब रांग तिथेच आहे. तिथल्या १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, ठरवून दिली. यात नोकरदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजली जातात, म्हणजे प्रत्यक्ष नोकरदार त्यापेक्षा पुष्कळ कमी. त्यावर आणखी एक अट: कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत. उरलेली कार्डं इकडची तिकडे फिरतात, पण मूळ मर्यादा हीच. आइसलँडला सात टक्के आणि भारतालाही सात टक्के. पंगतीत एकेका घराला एकच पान वाढावं, मग घरात दोन माणसं असोत की दोनशे, असा हा न्याय.

यात देश म्हणजे नागरिकत्व नव्हे. देश म्हणजे जन्मस्थान. गोरेगावात जन्मलेला माणूस मध्ये कॅनडाला गेला, तिथला नागरिक झाला आणि कॅनडाच्या पासपोर्टवर अमेरिकेत नोकरीला लागला, तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत तो भारताच्याच रकान्यात उभा राहतो. उलट, मराठी आईबापांच्या पोटी मस्कतला किंवा कुवेतला जन्मलेली मुलगी, जिचा पासपोर्ट भारतीय, जिचं सगळं शिक्षण नांदेडला झालं, ती या रांगेत भारतीय नसते. ती ओमानी किंवा कुवेती गणली जाते आणि तिथली रांग भारताच्या मानाने फारच छोटी असते. कायदा तिच्या नवऱ्यालाही तिच्या जन्मदेशाच्या रकान्यात उभं राहू देतो. त्यामुळे लग्न ठरवताना मंगळ पाहणाऱ्यांनी आता मुलीचे वडील ऐंशीच्या दशकात आखातात होते का, हेही पाहायला हरकत नाही. हे गमतीनं म्हणतोय, पण अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात ही गंमत फारशी गमतीनं बोलली जात नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. अमेरिकेत व्हिसावर असलेली कितीतरी मराठी जोडपी हा रिवाज पाळत राहिली. लेक सातव्या महिन्यात सेनगावला, जिंतूरला, वाशीमला आली. बाळ इथे जन्मलं, चार-सहा महिन्यांत आईबरोबर परत गेलं. ते बाळ तिकडे शाळेत गेलं, बेसबॉल शिकलं, मराठी तोडकंमोडकं बोलू लागलं, आणि आईबापांच्या अर्जावर अवलंबून राहिलं. वयाच्या एकविसाव्या वर्षी ते कायद्याने ‘मूल’ राहत नाही. २००२च्या एका कायद्याने यातले काही महिने वजा करून मिळतात, पण रांग पंधरा वर्षांची असेल तर काही महिन्यांनी काय होणार? त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने व्हिसा काढावा लागतो, नाहीतर त्या देशातून निघावं लागतं, जो देश सोडून त्याला दुसरा माहीतच नाही. त्याचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत जन्मलेला असतो आणि जन्मतःच नागरिक असतो. एकाच घरातली, एकाच ताटात जेवणारी दोन भावंडं.

रांग कशी चालते ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी कंपनी तिथल्या श्रम खात्याला दाखवून देते की या जागेला लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही. तो अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’. मग कंपनीची याचिका मंजूर होते. मग वाट. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक तक्ता काढतं, ‘व्हिसा बुलेटिन’. आडव्या ओळींत वर्गवाऱ्या, उभ्या रकान्यांत देश. बाकी सगळ्या जगाला मिळून एक रकाना, आणि चीन, भारत, मेक्सिको, फिलिपिन्स यांना स्वतंत्र. चौकटीत एकतर ‘सी’ हे अक्षर असतं, म्हणजे वाट मोकळी, किंवा ‘यू’, म्हणजे यंदाची कार्डं संपली, नाहीतर एखादी तारीख. तुमची तारीख त्या तारखेच्या आधीची असेल तर पुढचा अर्ज करता येतो. २०२५ साली उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या वर्गवारीत भारताच्या चौकटीत २०१३ सालच्या तारखा होत्या. म्हणजे ज्यांनी बारा वर्षांपूर्वी अर्ज केला त्यांची पाळी येत होती. आणि ही तारीख पुढेच जाते असंही नाही. आर्थिक वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. उन्हाळ्याअखेर कार्डं संपत आली की तारीख खुशाल वर्षं-दोन वर्षं मागे येते.

आज जो तरुण रांगेच्या शेवटी उभा राहील त्याचं काय? वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटने २०२३मध्ये हिशेब मांडला. नोकरीच्या वर्गवारीत अठरा लाखांचा तुंबारा, त्यातले अकरा लाख भारतीय, आणि नव्या भारतीय अर्जदाराची वाट १३४ वर्षांची. हा आकडा वाचून गंभीर राहणं कठीण आहे. १३४ वर्षं थांबायला सरकारनं सांगितलेलं नसतं, ते फक्त कार्ड देत नाही. तोवर तीन-तीन वर्षांच्या मुदतवाढीवर माणूस नोकरी करतो, घर घेतो, हप्ते भरतो, आणि नोकरी गेली की साठ दिवसांत नवी शोधतो.

या रांगेच्या इतिहासातला एक प्रसंग आपल्या मातीतला आहे. २००७च्या जुलैसाठीच्या बुलेटिनने जवळजवळ सगळ्या चौकटींत ‘सी’ छापलं. लोकांनी रात्रीचा दिवस करून कागद जमवले, लसी टोचून घेतल्या, वैद्यकीय तपासण्या केल्या, सुट्टीवर भारतात आलेले विमानाने परतले. २ जुलैला सरकारने सांगितलं, कार्डं संपली, अर्ज घेणार नाही. तेव्हा चिडलेल्या भारतीयांनी शिव्या घातल्या नाहीत. आदल्याच वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता आणि छळणाऱ्याला फुलं पाठवायची त्यातली गांधीगिरी ताजी होती. त्यांनी तिथल्या स्थलांतर खात्याच्या संचालकांना फुलांचे गुच्छ पाठवले, शेकड्याने. खात्याने ती फुलं जखमी सैनिकांच्या इस्पितळाकडे वळवली. आणि १७ जुलैला सरकार नमलं. महिनाभर अर्ज घेतले गेले. त्या एका महिन्यात ज्यांचा अर्ज आत पडला, ती मंडळी आजही एकमेकांना ‘दोन हजार सातच्या जुलैतले’ म्हणून ओळखतात. देशागणिक मर्यादा काढून टाकणारं विधेयक मात्र अजून रखडलेलं आहे. २०१९च्या जुलैत ते खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं, २०२०च्या डिसेंबरात वरच्या सभागृहाने वेगळा मसुदा मंजूर केला, दोघांचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली. दरम्यान २०२५च्या सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या याचिकांवर एक लाख डॉलरचा आकार बसवला गेला. म्हणजे आता रांगेच्या तोंडाशी जायलाच नाकं घासायची.

मग लोक कॅनडाकडे वळतात. तिथे जन्मस्थान विचारत नाहीत, जन्मसाल विचारतात. २०१५पासून ‘एक्सप्रेस एन्ट्री’ची गुणपद्धत आहे, एकूण गुण १२००. अविवाहित अर्जदाराला वयाचे पूर्ण ११० गुण विसाव्यापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत. तिसाव्या वाढदिवशी १०५, एकतिसाव्याला ९९, बत्तिसाव्याला ९४, आणि पंचेचाळीस झालं की शून्य. इथे मास्तरांची १ जून पुन्हा भेटते. जो खरोखर पोळ्याला जन्मला, त्याचे गुण जूनमध्येच कापले जातात. निवडीच्या फेरीत एकेका गुणाने माणसं राहतात. तिथला विद्यार्थी व्हिसाही आता महागडा मार्ग झाला आहे. निर्वाहाची रक्कम म्हणून दाखवायचे १०,००० डॉलर २०२४च्या जानेवारीपासून २०,६३५ झाले आणि त्यानंतरही वाढले. कायम रहिवाशांची वार्षिक संख्याही सरकारने उतरवली, २०२५साठी ३,९५,००० आणि पुढे आणखी कमी. कोरडवाहू चार एकर गहाण टाकून मुलाला टोरांटोजवळच्या एखाद्या कॉलेजात पाठवणाऱ्या बापाला ‘पीआर पक्कं’ असं सांगणारा एजंट यातलं काही सांगत नाही. पीआर पक्कं कुणीच करून देऊ शकत नाही. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला परवानाधारक सल्लागार किंवा वकील लागतो, आणि त्याचा परवाना क्रमांक कुणालाही तपासता येतो.

ऑस्ट्रेलियातही पंचेचाळीशीनंतर गुणांच्या व्हिसाचं दार बंद. ब्रिटनने कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहा करण्याचा विचार २०२५च्या मे महिन्यात मांडला. आखातात तर आयुष्य घालवूनही कायमचं काही नव्हतं. अमिरातींनी २०१९पासून ‘गोल्डन व्हिसा’ आणला, तोही मोजक्यांसाठी आणि मुदतीचाच.

अपवाद जर्मनीचा सांगायला हवा. तिथे ‘ब्लू कार्ड’ या कुशल कामगारांच्या परवान्यावर काम करणाऱ्याला २७ महिन्यांनी कायम वास्तव्य मिळू शकतं आणि जर्मन भाषेची मधली पातळी गाठली तर २१ महिन्यांनी. म्हणजे जन्माऐवजी जिभेची परीक्षा. आमच्या मते सगळ्यांत न्याय्य अट हीच, कारण ती माणसाच्या हातात आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४च्या फेब्रुवारीत बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. पण त्या देशातही कधी ना कधी जन्माचा दाखला लागतोच.

जन्म कधी कधी दार उघडतोही. कोकणातल्या बेने इस्रायलींना, आपल्या शनवार तेल्यांना, १९५०च्या ‘परतीच्या कायद्या’ने इस्रायलचं दार उघडं झालं. मात्र तिथे पोहोचल्यावर धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या बाबतीत वंशशुद्धीची शंका काढली. अलिबाग-पेणहून गेलेल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं आणि १९६४मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानण्याचा ठराव केला, तेव्हा तो वाद मिटला. गोव्यात १९ डिसेंबर १९६१पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद चढवावी लागते. सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडे जन्मलेल्या आजोबांची एक ओळ नातवाला पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनपर्यंत घेऊन गेली. अलीकडच्या सावंतवाडीकराला ती सोय नाही. अंतर पंधरा-वीस किलोमीटरचं.

आता बाजू उलटवून पाहू. एखाद्या परदेशी माणसाला गोरेगावात कायम राहायचं असेल तर? त्याने हिंगोलीला जिल्हा पोलीस अधीक्षकांचं कार्यालय गाठायचं, कारण जिल्ह्यात परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी तेच असतात. कायम वास्तव्याचा दर्जा आपल्याकडे आहे, २०१६पासून. अट एवढीच की दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये गुंतवायचे आणि दरवर्षी वीस भारतीयांना काम द्यायचं. पाकिस्तानी वंशाच्या माणसाला ही वाटही बंद. परदेशी सून आली तर लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड, आणि सात वर्षं इथे राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज. याखेरीज साध्या माणसासाठी कायमचं दार जवळजवळ नाही.

गोरेगाव नावाचा तालुका असलेल्या गोंदिया जिल्ह्यातच, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२पासूनची. धानाची शेती, हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी फिरणं, मुलांची मराठी चोख. पण हातात नोंदणी प्रमाणपत्र, परकीय म्हणून, वेळोवेळी नूतनीकरण करायचं. यांतल्या कितीजणांचा जन्म इथलाच. कायदा म्हणतो, २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला जन्मतःच भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात ते स्पष्ट सांगितलं. तरी जन्माचा कागद पुढे करून भांडावंच लागतं. १ जुलै १९८७ला जन्मलेल्याला, आईबापांपैकी कुणी भारतीय नागरिक नसेल तर, ते भांडणही करता येत नाही. अमेरिकेच्या सात टक्क्यांवर चिडणाऱ्या आपण ही एक तारीख कधी मनावर घेतलेली नसते.

आणि जो गोरेगावकर अखेर रांग संपवून अमेरिकेचा नागरिक होतो, तो त्या दिवशी भारताचा परदेशी होतो. ओसीआय कार्डावर तो येतो-जातो, घर-फ्लॅट घेऊ शकतो, पण शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. वारसाने सातबाऱ्यावर नाव लागू शकतं, एवढंच. बांधाला बांध असलेला चुलत्याचा तुकडा विकायला निघाला आणि याच्याकडे डॉलर असले, तरी तो खरेदीखतावर सही करू शकत नाही.

म्हणून या दिवाळीत घरी आलेल्यांना आणि घरी असलेल्यांना एकच सांगणं. गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन जन्माची नोंद पाहा. नोंद आहे का, बाळाचं नाव त्यात चढवलं आहे का, आईचं नाव लग्नाआधीचं की नंतरचं, स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का, गावापुढे जिल्हा कोणता. चूक असेल तर निबंधकाकडून दुरुस्ती होते, वेळ लागतो पण होते. नोंदच नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या आणि जन्म माहीत असलेली वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांची शपथपत्रं करून ठेवा. परदेशी कचेऱ्या ती मान्य करतात, पण माणसं थांबत नाहीत. उशिराची नोंद आता सोपी राहिलेली नाही. २०२५च्या सुरुवातीला बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर राज्याने असे दाखले देणं काही काळ थांबवलं होतं आणि नंतर नियम कडक केले. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा आहे, मास्तरांची १ जून चालणार नाही. जन्मल्यापासून एकवीस दिवसांच्या आत नोंद केली तर काही शुल्क लागत नाही आणि दाखलाही मोफत मिळतो.